डाव्या इंडिकेटरचं पुस्तक

"ज्याला वाचता येतं, त्याला काहीही दुरुस्त करता येतं!"

मास्तरांचं हे वाक्य त्यांच्या घरातल्या प्रत्येक यंत्रानं ऐकलं होतं, आणि ऐकल्यापासून त्यातली निम्मी यंत्रं बंद होती. मिक्सर मुका झाला होता, इस्त्री एकाच बाजूनं तापायची आणि भिंतीवरचं घड्याळ उत्साहाच्या भरात पुढे पळत सुटलं होतं. पण मास्तर खचणारे नव्हते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस! ज्या देशांत कधी पाऊल टाकलं नाही तिथल्या नद्या आणि वारे त्यांना तोंडपाठ होते, मग दारातल्या गाडीची काय कथा? पोहायलासुद्धा ते पुस्तक वाचूनच शिकले. तिसऱ्या धड्याला बुडाले. लोकांनी ओढून काठावर आणलं, पोटातलं पाणी काढलं, तेव्हा डोळे उघडून मास्तर पहिलं वाक्य बोलले, "श्वास कसा घ्यायचा ते चौथ्या धड्यात होतं!"

तर असे मास्तर. त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली काकू म्हणायची. काकूंचं बाजारात बटणांचं दुकान होतं. बटणं, हुक, चेन, लेस, सगळं काही. गिऱ्हाइकानं सदरा नुसता काउंटरवर ठेवावा आणि काकूंनी मागे वळून न बघता हव्या त्या डबीत हात घालावा. हात असा चपळ, की दोरा दातानं तोडून गाठ मारून होईपर्यंत गिऱ्हाईक "किती वेळ लागेल?" एवढंच विचारत असायचं.

हीच चपळाई त्यांना ड्रायव्हिंगमध्ये नडत होती. काकू ब्रेकसुद्धा दोरा तोडल्यासारखा मारायच्या! पहिल्या परीक्षेत त्यांनी असा ब्रेक मारला की इन्स्पेक्टर साहेबांचा चष्मा डॅशबोर्डवर आणि साहेब चष्म्यावर. दुसऱ्या खेपेला साहेबांनी चष्मा आधीच काढून खिशात ठेवला होता. त्या वेळी पेन मोडलं. दोन्ही वेळा नापास. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं तर कोपरापासून हात जोडले आणि "तुम्ही आता तुमच्याच गाडीवर परीक्षा द्या" असं सांगून आपली गाडी वाचवली.

आता तिसरी परीक्षा सोमवारी होती, आणि काकूंना ती काही झालं तरी पास व्हायची होती. हौस म्हणून नव्हे. काकूंची आई पलीकडच्या गावात एकटी राहायची. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण घर सोडून लेकीकडे यायला तयार नाही. मध्यंतरी ती न्हाणीघरात पडली. शेजारणीचा फोन आला तेव्हा मास्तर परीक्षक म्हणून बाहेरगावी गेलेले. दारात गाडी उभी, काकूंच्या हातात किल्ली, आणि गाडी चालवता येत नाही! संध्याकाळच्या बसनं त्या पोचल्या तेव्हा आई लहान मुलासारखी त्यांच्या गळ्यात पडून रडली. हाड मोडलं नव्हतं, थोडक्यात निभावलं होतं. पण त्या दिवसापासून काकूंनी मनाशी गाठ मारली होती. आईकडे जायला आता कुणाची वाट बघायची नाही.

आणि नेमका परीक्षेच्या आधी गाडीचा डावा इंडिकेटर बंद पडला.

"गॅरेजमध्ये टाकू या," काकू म्हणाल्या.

"गॅरेज? एका दिव्यासाठी?" मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "अगं, हल्ली प्रत्येक गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक इंटरनेटवर मिळतं. मेकॅनिक जे वाचतात तेच! तू नुसती परीक्षेची तयारी कर. दिवा मी लावतो."

"अहो, सोमवारी परीक्षा आहे."

"आज गुरुवार आहे. तेवढ्या दिवसांत मी मुलांना अख्खं युरोप खंड शिकवत असे!"

मास्तरांच्या बोलण्यात बढाई होती हे खरं, पण तिच्या तळाशी माया होती. आईच्या पडण्याच्या दिवशी आपण बाहेरगावी होतो हे त्यांना आतून खात होतं. बायकोसाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं, आणि त्यांना करता येण्यासारखं एकच होतं. वाचन.

पुस्तक मिळवणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्यांदा उतरवून घेतलं ते त्याच कंपनीच्या ट्रॅक्टरचं निघालं. मास्तरांनी तरी ते अर्धं वाचलं. "नांगर जोडण्याचा भाग काय सुरेख लिहिलाय!" असं ते जेवताना दोनदा म्हणाले. दुसरं पुस्तक गाडीचंच होतं, पण ते मालकासाठीचं. त्यात दार कसं उघडावं, पट्टा कसा लावावा हे सगळं होतं आणि इंडिकेटरपुढे एकच ओळ होती, 'दुरुस्ती केंद्राशी संपर्क साधावा.' हा मास्तरांना स्वतःचा अपमान वाटला.

शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला. ती दूरच्या शहरात कॉम्प्युटरचं काम करायची.

"बाबा, गाडी गॅरेजमध्ये द्या," लेक म्हणाली.

"तू आईच्या वळणावर गेलीस! मी काय विचारतोय? खरं पुस्तक कुठे मिळेल?"

लेकीनं सुस्कारा सोडला आणि वेबसाइटचा पत्ता सांगितला. कंपनीनं आपल्या जुन्या गाड्यांची पुस्तकं सगळ्यांसाठी खुली केली होती. हजारो पानांचं पुस्तक! घरातल्या टॅबलेटवर ते मावेना. मास्तरांनी मागचा पुढचा विचार न करता काकूंचा पत्त्यांचा खेळ पुसून टाकला. काकू त्या खेळात वर्षभर खपून कुठल्या कुठे पोचल्या होत्या. त्यांनी रिकामा पडदा बघितला, मग मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दिवा लागला नाही तर बघा!"

शनिवारी सकाळी मास्तरांनी अंगणात गाडी घेतली, टॅबलेट बॉनेटवर विटेला टेकवून उभा केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मास्तर मनात कधी वाचत नसत. समोर वर्ग असल्यासारखे वाचत, आणि परभाषेतल्या मजकुराचं वाचता वाचताच पाठ्यपुस्तकी मराठी करत.

"इंडिकेटरची दांडी विलग करण्यापूर्वी सुकाणूचे आवरण विलग करावे. पाहा, विभाग अमुक." बोटानं टिचकी. "आवरण विलग करण्यापूर्वी खालील पट्टी विलग करावी. पाहा, विभाग तमुक." पुन्हा टिचकी. "पट्टी विलग करण्यापूर्वी पुढील डावे आसन विलग करावे." मास्तर थबकले. दिव्यासाठी सीट? पण पुस्तकात होतं. पुस्तकात आहे म्हटल्यावर मास्तरांनी सूर्यसुद्धा पश्चिमेला उगवू दिला असता!

डावी सीट निघाली. घामाघूम होऊन ती त्यांनी ओसरीवर नेऊन ठेवली, परत आले, आणि तेव्हा कुठे चित्राकडे नीट बघितलं. पुस्तकातल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्या गाडीचं उजवीकडे!

दुसरा कुणी असता तर तिथेच कपाळाला हात लावला असता. मास्तरांना उलट हुरूप आला. "नकाशा उलटा आहे, एवढंच!" ते म्हणाले, आणि काकूंच्या दुकानातला गिऱ्हाइकांसाठीचा आरसा घेऊन आले. आरशात टॅबलेट धरला की स्टिअरिंग बरोबर उजवीकडे जायचं. चित्रं सुलट झाली, पण अक्षरं उलटी झाली. म्हणून मास्तर अक्षरं टॅबलेटवर वाचायचे आणि चित्र आरशात बघायचे. दिवसभर त्यांची मान टेबलफॅनसारखी इकडून तिकडे फिरत होती.

त्यात बोटांना लागलेलं ग्रीस. स्क्रीनला बोट लावलं की एकतर काहीच व्हायचं नाही, नाहीतर पानं भराभरा पळायची. एकदा मास्तरांनी इमानेइतबारे बऱ्याच ओळी वाचून त्याप्रमाणे काम केलं, समोरचा कप्पा काढला, त्यामागची नळी सोडवली, आणि मग ध्यानात आलं की आपण गार हवेच्या विभागात शिरलो आहोत! नळी त्यांनी तशीच परत खोचली. कप्पा मात्र ओसरीवर सीटच्या शेजारी गेला.

तरी एक गोष्ट मास्तरांनी फार हुशारीनं केली होती. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बोल्ट त्यांनी अंगणात अंथरलेल्या जुन्या चादरीवर मांडला होता. कसातरी नव्हे! चादरीवर त्यांनी खडूनं चक्क नकाशा काढला होता. उत्तरेला डॅशबोर्ड, पूर्वेला स्टिअरिंग, खाली दक्षिणेला सीटचे चार लांब बोल्ट, मधून सीमारेषा. जो स्क्रू ज्या प्रांतातला, तो त्या प्रांतात. रविवारी दुपारी शेवटचा स्क्रू जागेवर ठेवून मास्तरांनी चादरीकडे बघितलं, तेव्हा त्यांना भरून आलं. असा नकाशा त्यांच्या एकाही विद्यार्थ्यानं कधी काढला नव्हता. दांडीमागचा सैल पडलेला जोडही सापडला होता; आता सगळं परत बसवायचं, की झालं. त्याआधी जरा पाठ टेकावी म्हणून ते आत गेले आणि डोळा लागला.

जाग आली ती अंगणातल्या खुळखुळाटानं. मास्तर बाहेर आले. काकू पाटावर बसल्या होत्या. चेहऱ्यावर घाम आणि समाधान.

"उठलात? या, बघा तरी!"

समोर ओळीनं बटणांच्या जुन्या डब्या मांडल्या होत्या. प्रत्येक डबीवर काकूंच्या हातची चिठ्ठी. बारीक. मध्यम. जाडे. चपट्या डोक्याचे. चकचकीत. गंजके.

मास्तरांनी डब्यांकडे बघितलं. मग अंगणाकडे बघितलं.

"अगं, माझा नकाशा कुठाय?"

"कसला नकाशा?"

"इथे चादर होती!"

"ती होय! खडूनं बरबटली होती. धुवायला टाकली."

मास्तर मटकन पायरीवर बसले.

"तुम्ही दोन दिवस उन्हात मरताय," काकू कौतुकानं सांगत होत्या, "म्हटलं आपणही काहीतरी हातभार लावू. काय पसारा होता! लहानात मोठे, मोठ्यात लहान. सगळे साइजप्रमाणे लावून दिले. आता हवा तो पटकन सापडेल. बघा, नुसतं 'मध्यम' म्हणा!"

मास्तरांच्या तोंडून 'मध्यम' सुद्धा निघेना. रागवावं असं फार आतून आलं होतं. पण काकूंचा चेहरा असा फुलला होता! हीच बाई, जिची परीक्षा उद्या आहे, ती आपली तयारी सोडून त्यांच्यासाठी स्क्रू निवडत बसली होती. रागवायचं तरी कसं?

"छान लावलेस," ते कसेबसे म्हणाले. "फक्त... कुठला स्क्रू कुठला होता, ते त्या चादरीवर होतं."

काकूंच्या हातातली डबी हातातच राहिली. सगळ्या डब्यांवरून त्यांची नजर एकदा फिरली.

"अहो, माझी परीक्षा उद्या आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हा दिवस गेला तर पुढचा नंबर कधी लागेल कुणास ठाऊक. आणि आईला मी सांगून ठेवलंय हो. ती रोज फोनवर विचारते, कधी येतेस म्हणून."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण टॅबलेटसकट आत जावं. त्यांनी पुस्तक उघडलं, पुढे गेले, मागे गेले. स्क्रू साइजप्रमाणे निवडून ठेवल्यास काय करावे, हा विभाग हजारो पानांत कुठेच नव्हता!

काकूंनीच पदर खोचला. "सरका," त्या म्हणाल्या. "भोक बघून बटण सांगणारी बाई आहे मी. तुम्ही भोकं दाखवा!"

आणि मग त्या अंगणात जे सुरू झालं ते बघायला शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. मास्तर गाडीत डोकं घालून ओरडायचे, "उथळ भोक, आटे बारीक!" आणि काकू डबीत हात घालून स्क्रू पुढे करायच्या. वायरींचे जोड मास्तरांनी आरशात बघून जोडले. आवरण बसलं. आवरण बसलं. ऊन उतरायच्या आत सीट जागेवर गेली, कप्पाही गेला. बसताना जरा कुरकुर झाली, पण सगळं बसलं. शेवटी एका डबीच्या तळाशी मूठभर स्क्रू उरले.

"हे?" काकूंनी विचारलं.

"कंपनी जास्तीचे देत असेल," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते पुस्तकात नसलेलं काहीतरी बोलत होते.

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! कुंपणावरून टाळ्या पडल्या. मास्तरांनी छाती फुगवून इंडिकेटरची दांडी उजवीकडे केली. वायपर सुरू झाले. दांडी डावीकडे केली. हॉर्न असा किंचाळला की कुंपणावरची मांजर थेट छपरावर! घाबरून मास्तरांनी हॉर्नचं बटण दाबलं, तर हॉर्न गप्प आणि डावा दिवा टुकटुक, टुकटुक लागायला लागला.

"लागला!" मास्तर ओरडले. "बघ, लागला की नाही? दिवा लावतो म्हटलं होतं!"

काकूंनी काही वेळ तोंडाला पदर लावला. रडतायत की हसतायत हे कळायला मार्ग नव्हता. मग त्या म्हणाल्या, "ब्रेकला हात लावलात का?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. ब्रेकच्या विभागापर्यंत पोचलोच नाही!"

"मग झालं. दिव्याचं मी हातानं करीन. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं हाताच्या खुणा शिकवल्यात. खिडकीतून हात काढला की दिव्याचं काम काय?"

सोमवारी सकाळी मास्तर गाडी चालवत परीक्षेच्या मैदानाकडे निघाले. काकू शेजारच्या सीटवर. पहिल्याच चौकात मास्तरांनी ब्रेक लावला आणि काकू सीटसकट पुढे वाकल्या. नमस्कार घातल्यासारख्या! गाडी सुटली तशा परत मागे आल्या.

"अहो! ही सीट डुलतेय!"

मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि वाकून बघितलं. सीट पुढच्या दोन बोल्टांवर टेकली होती. कालच्या घाईत मागचे दोन बोल्ट लावायचेच राहिले होते!

"सीटचे चार होते," ते म्हणाले. "लांबडे. मी स्वतः मांडले होते, दक्षिणेला."

काकूंनी पदर सारखा केला. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "त्यातल्या दोन बोल्टांच्या टोप्या वेगळ्या होत्या. विजोड. दुकानात आम्ही विजोड माल ठेवत नाही."

"मग?"

"सकाळच्या कचरागाडीत गेले."

मास्तरांनी घड्याळात बघितलं. परत जायला वेळ नव्हता. मास्तर म्हणाले, "आपण नको देऊ या परीक्षा." काकू म्हणाल्या, "देणार." आणि इतक्या शांतपणे म्हणाल्या की मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही.

मैदानावर तेच इन्स्पेक्टर साहेब होते. काकूंना बघताच त्यांनी चष्मा काढला, खिशातलं पेन काढलं, दोन्ही आपल्या टेबलावर ठेवून आले, मग सीटवर बसून पट्टा आवळला आणि दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवून म्हणाले, "चला. काय व्हायचं ते होऊ दे."

मास्तर कडेच्या शेडमध्ये उभे राहिले. शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी नवरा उभा होता. त्यानं विचारलं, "पहिलीच वेळ का?"

"त्यांची तिसरी," मास्तर म्हणाले. "माझी पहिली."

गाडी हलली. मास्तरांनी डोळे मिटले. धाडकन काहीतरी ऐकू येणार याची खात्री होती. काहीच आलं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. गाडी पाण्यावरून होडी जावी तशी निघाली होती! काकूंना सगळं कळत होतं. जरा जोरात ब्रेक लागला तर साहेब सीटसकट काचेवर जाणार, आणि आपल्या परीक्षेवर कायमचं पाणी पडणार. तेव्हा दोरा तोडणारी ती बाई आयुष्यात पहिल्यांदा अशी गाडी चालवत होती, जशी काही शेजारी पाळण्यात बाळ झोपलंय. वळण आलं की खिडकीतून हात बाहेर, ठसठशीत खूण. थांबायचं असलं की लांबूनच वेग कमी. साहेब कधी पुढे डुलायचे, कधी मागे. हळूहळू त्यांचे हात डॅशबोर्डवरून खाली आले. मग मान खांद्यावर कलली.

"झोपले की काय?" शेजारचा नवरा म्हणाला.

"देवा!" मास्तर म्हणाले.

तेवढ्यात डावं वळण आलं, आणि सवयीनं काकूंचा हात दांडीला लागला. हॉर्न किंचाळला! साहेब खडबडून जागे झाले. मास्तरांनी शेडचा खांब घट्ट धरला. आता संपलं! आणि त्याच क्षणी गाडीच्या डाव्या बाजूनं, झुडपातून एक कुत्रं सुटलं आणि शेपूट घालून पळालं. ते झुडपात आहे हे कुणालाच दिसलं नव्हतं. काकूंना तर मुळीच नाही!

गाडी जागेवर येऊन थांबली. इतकी अलगद, की थांबली हे मास्तरांना जरा उशिराच कळलं. साहेब उतरले. पाठीवर हात ठेवून उभे राहिले, उजवीकडे वळून बघितलं, डावीकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "बाई, माझी पाठ वर्षभर दुखतेय. आज पहिल्यांदा मोकळी झाली. अशी सीट कुठे मिळते?"

"घरी बसवून घेतली," काकू म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं.

"आणि ते कुत्रं! मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. हाताच्या खुणा तर मी किती वर्षांनी बघितल्या. हल्ली सगळे दांडी हलवतात आणि सुटतात. तुम्ही पास!"

काकूंनी तिथेच पदरानं डोळे पुसले आणि फोन लावला. "आई," त्या म्हणाल्या, "मी येतेय. नाही, बसनं नाही. कुणाबरोबर नाही. मीच घेऊन येतेय गाडी!" पलीकडून काय उत्तर आलं ते मास्तरांना ऐकू आलं नाही, पण काकू बराच वेळ नुसत्या "हो गं, हो" म्हणत राहिल्या. मास्तरांनाही भरून आलं. आपल्या बायकोचा त्यांना इतका अभिमान वाटला की तो छातीत मावेना, आणि मावेना म्हणूनच पुढचा घोळ झाला. न विचारता ते पुढे झाले.

"साहेब, गाडीचं काम मी स्वतः केलंय. पुस्तक वाचून!"

"वा!" साहेब म्हणाले. "आणि इथपर्यंत गाडी कुणी चालवत आणली?"

"मीच! इतकी वर्षं मीच चालवतोय."

"बघू तुमचं लायसन्स."

मास्तरांनी झोकात पाकीट काढलं आणि लायसन्स पुढे केलं. साहेबांनी ते हातात घेतलं, चष्मा मागवला, डोळ्यावर चढवला, आणि परत मास्तरांच्या हातात देऊन म्हणाले, "जरा वाचता का?"

मास्तरांनी वाचलं. नाव बरोबर होतं. पत्ता बरोबर होता. त्याखाली मुदतीची तारीख होती. ती उलटून दीड वर्ष झालं होतं.

"आता पहिल्यापासून," साहेब म्हणाले. "आधी शिकाऊ परवाना. मग परीक्षा. नंबर लागायला वेळ लागतो बरं का. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

हजारो पानं वाचलेल्या माणसाकडून ही एक ओळ वाचायची राहून गेली होती! मास्तर काकूंकडे बघायचं टाळत होते. काकूंनी फक्त हात पुढे केला. मास्तरांनी निमूटपणे किल्ली त्या हातावर ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले, कारण पुढची डुलत होती.

गाडी मैदानाबाहेर पडली आणि बाजाराकडे न वळता सरळ पलीकडच्या गावाच्या रस्त्याला लागली. काकू हलक्या हातानं चालवत होत्या. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, आणि मास्तरांना आठवेना की तो इतका आनंदी याआधी कधी बघितला होता.

बरंच अंतर गेल्यावर मास्तरांनी घसा साफ केला.

"अगं, परवा मला जरा केस कापायला जायचं होतं. सोडशील का?"

"बघू," काकू म्हणाल्या. "मला सवड झाली तर."